आधी पाणी मोजूया, मग वाचवूया : विहारातील बालवर्गासाठी पाण्याचे चार पाठ

दरवर्षी मार्च महिन्यात पाण्याचे दोन दिवस लागोपाठ येतात. 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्याचा क्रांतिदिन आणि 22 मार्चला जागतिक जलदिन. पहिला दिवस आपण विहारात आणि महाडला जाऊन साजरा करतो. दुसरा दिवस शाळेत साजरा होतो : प्रभातफेरी, 'पाणी वाचवा'ची घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा. दोन्हीकडे मुले तीच असतात. पण पहिल्या कार्यक्रमात पाण्याच्या बचतीबद्दल कोणी बोलत नाही आणि दुसऱ्यात पाण्यावरच्या हक्काबद्दल कोणी बोलत नाही.

पहिली ते पाचवीच्या मुलांचे रविवारचे वर्ग घेताना आम्हाला सतत जाणवते की हे दोन विषय वेगळे ठेवले, तर दोन्ही अर्धवट राहतात. ज्याच्या वाट्याला पाणीच आले नाही, त्याला बचत शिकवणे अन्यायाचे आहे. आणि हक्काने मिळालेले पाणी गळक्या तोटीतून गटारात जात असेल, तर त्या हक्काचे आपण काय केले, हाही प्रश्न आहे. म्हणून 20 मार्च ते 14 एप्रिल या काळात विहाराच्या बालवर्गात पाण्याचे चार पाठ कसे घेता येतील, ते या लेखात मांडत आहोत. खर्च जवळपास शून्य आहे. लागतात त्या घरातल्याच वस्तू : हंडा, बादली, वाटी, एक लिटरची बाटली आणि खडू.

'पाणी वाचवा' एवढे पुरेसे का नाही?

शाळेतल्या भिंतींवरची चित्रे आठवून पाहा. दात घासताना नळ बंद करा. शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करा. पाइप लावून गाडी धुऊ नका. सल्ला चुकीचा नाही, पण तो कोणासाठी आहे? ज्या घरात चोवीस तास पाणी आहे, बेसिन आहे, शॉवर आहे, त्या घरासाठी. हापशावरून किंवा नळकोंडाळ्यावरून पाणी आणणाऱ्या घरातले मूल हे चित्र पाहते, तेव्हा ते दोनपैकी एक गोष्ट शिकते. एक, हा धडा आपल्याबद्दल नाही. किंवा दोन, आपणही आहे त्यातून आणखी कमी करायला हवे.

दुसरी गोष्ट धोक्याची आहे. लहान मुलाने पाणी 'वाचवायचे' ठरवले, तर ते सगळ्यात आधी हात धुणे वाचवते. त्यातून जुलाब, खरूज यांसारखे आजार वाढतात. तांब्याभर पाण्यात भांडी विसळणारी आई आणि आठवडाभर पिंप पुरवणारी आजी यांना बचत कोणी शिकवावी? ती त्यांना येतेच. त्यांच्याकडे कमी आहे ते पाणी.

समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर टंचाई सगळ्यांवर सारखी येत नाही. पाऊस कमी पडतो तो निसर्गामुळे. पण कोणाचा हंडा आधी रिकामा राहतो, ते गावाच्या रचनेवर ठरते : विहीर कोणाच्या शेतात आहे, पाइपलाइनचे शेवटचे टोक कोणत्या वस्तीत आहे, टँकर कुठे थांबतो, पाण्यासाठी घरातले कोण जाते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ही बातमी देशभर गाजली. पण गाडीतून आलेले पाणी शेवटच्या गल्लीपर्यंत पोहोचण्यासाठी वाटप नीट असावे लागते, आणि वाटप हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो. मुलांना हे सोप्या शब्दांत कळू शकते, कारण त्यातली बरीच मुले स्वतः रांगेत उभी राहिलेली असतात.

शिकवणाऱ्याने आधी काय माहीत करून घ्यावे?

आपल्या परंपरेत पाण्याबद्दलचे साहित्य भरपूर आहे. त्यासाठी बाहेर शोधायची गरज नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद मांडला आहे. शाक्य आणि कोलिय या दोघांची शेती एकाच नदीवर होती. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी झाली आणि शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला. त्याने सुचवलेला मार्ग मुलांना नक्की सांगावा : दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी वाद मिटवावा. पाण्याचे भांडण बसून, मोजून, बोलून सोडवता येते, हा यातला धडा आहे.

विनयातही पाण्याची काळजी आहे. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे फडके असते. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र विसर्जन करू नये, असा भिक्खूंसाठी नियम आहे. नदी-ओढ्याचे पाणी खाली दुसरे कोणी वापरणार आहे, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या नियमातून मुलांना सहज समजावता येते.

जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी पावसाचे पाणी आणि माती अडवण्यासाठी ताली-बंधारे, तलाव बांधण्याचा आग्रह धरला. हौद खुला करणारा माणूसच बंधारे बांधा म्हणतो. हक्क आणि संवर्धन यांची फारकत आपल्या महामानवांनी केलेली नाही.

महाडचा क्रमही नीट माहीत हवा. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही प्रत्यक्षात तीन वर्षे कोणाला पाणी घेता आले नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि परिषदेला आलेल्या हजारो लोकांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, खटला चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ठराव ते निकाल हा जवळपास चौदा वर्षांचा प्रवास आहे. कागदावर आलेले पाणी हंड्यात येतेच असे नाही, हे यातून शिकायचे.

आणि बाबासाहेबांचे पाण्यावरचे काम महाडला संपत नाही. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. सिंचन आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे आणि हिराकूड प्रकल्पांच्या पायाभरणीच्या धोरणात त्यांचा वाटा मोठा आहे. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ असलेला आयोग 1945 मध्ये त्यांच्याच काळात स्थापन झाला. तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब आणि नदीच्या संपूर्ण खोऱ्याचा विचार करणारे बाबासाहेब, दोन्ही मुलांपर्यंत जायला हवेत.

पाठ पहिला : घरात पाणी किती येते?

मुलांना घरून हंडा, कळशी, बादली, जे असेल ते आणायला सांगा. विहाराच्या अंगणात एक लिटरच्या बाटलीने ती भांडी भरा. प्रत्येक बाटलीला जमिनीवर खडूने एक रेघ. पहिली-दुसरीची मुले रेघा मारतात, चौथी-पाचवीची मुले हिशेब करतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओता आणि शेवटी झाडांना घाला.

मग प्रत्येकाने आठवडाभर घरात रोज किती भांडी पाणी आले याची नोंद वहीत करायची. शेवटी भागाकार : एकूण लिटर भागिले घरातली माणसे.

समजा हंडा 15 लिटरचा आहे, घरात पाच माणसे आहेत आणि दिवसाला आठ हंडे येतात. म्हणजे 120 लिटर, माणशी 24 लिटर. आता फळ्यावर दुसरा आकडा लिहा : 55. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज किमान 55 लिटर हे प्रमाण ठरवले आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे अठरा हंड्यांहून थोडे जास्त. आठ आणि अठरा यांतला फरक मुलांना कोणी समजावून सांगावा लागत नाही. वजाबाकी त्यांना येते.

याच पाठात आणखी एक नोंद ठेवावी : पाणी कोणी आणले? आई, ताई, बाबा, दादा, असे रकाने करा. आम्ही घेतलेल्या वर्गांत हा तक्ता भरला की मुली हसतात आणि मुले गप्प बसतात. त्यावर भाषण देऊ नका. 'पुढच्या आठवड्यात दादाच्या रकान्यात किती रेघा येतील?' एवढेच विचारा.

पाठ दुसरा : पाणी कुठे जाते?

दुसऱ्या रविवारी मुलांना घेऊन वस्तीत फेरी काढा. गळती शोधायची : नळकोंडाळ्याची तुटलेली तोटी, टाकीचा वाहणारा पाइप, शाळेतला टपकणारा नळ. गळक्या नळाखाली एक लिटरची बाटली धरा आणि घड्याळ लावा.

बाटली चार मिनिटांत भरली असे धरू. तासाला 15 लिटर, म्हणजे एक हंडा. दिवसाला 360 लिटर. आता पहिल्या पाठातला आकडा आठवा : पाच माणसांच्या घराची गरज 275 लिटर. एका नळाच्या खराब वायसरमुळे एका घराच्या गरजेपेक्षा जास्त पाणी गटारात जाते. बचत कुठे करायची, हे इथे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. हात धुण्यात नाही, गळतीत.

वायसर काही रुपयांना मिळतो. वस्तीत नळाचे काम करणारे आपलेच कोणी असतात. त्यांना बोलवा आणि मुलांसमोर नळ दुरुस्त करायला लावा. पुन्हा बाटली धरा. बाटली कोरडी राहिली की मुले टाळ्या वाजवतात, आणि नळाचे काम करणारा काका त्यांचा शिक्षक होतो. श्रमाला मान देण्याचा हा पाठ वेगळा शिकवावा लागत नाही.

सांडपाणी कुठे जाते तेही पाहा. हापशाजवळ डबके साचत असेल तर तिथे डास होतात आणि घाण पाणी पुन्हा जमिनीत मुरून हापशात येऊ शकते. पाणवठ्यापासून योग्य अंतरावर शोषखड्डा किंवा सांडपाण्यावर चार पालेभाज्यांची परसबाग, हे उपाय मोठ्यांनी करायचे आणि मुलांनी पाहायचे.

पाठ तिसरा : छपरावर किती पाऊस पडतो?

हा गणिताचा सर्वांत आवडता पाठ आहे. नियम एकच : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते.

विहाराचे छप्पर मुलांकडून मोजून घ्या. छपरावर चढवायचे नाही. भिंतीलगत जमिनीवर टेप धरून लांबी-रुंदी घ्यायची. छप्पर 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद असेल, तर 50 चौरस मीटर. 10 मिलिमीटरची एक चांगली सर आली तर 500 लिटर. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 35 हजार लिटर. पाचवा हिस्सा उडून, सांडून गेला तरी 28 हजार लिटर उरतात. 15 लिटरच्या हंड्याने मोजले तर अठराशेहून जास्त हंडे. एवढे पाणी आपल्याच छपरावरून पागोळ्यांनी ओघळून जाते.

पन्हळ लावून ते पिंपात किंवा टाकीत घेता येते. टाकी लवकर भरते, म्हणून जादा पाणी बोअर किंवा विहिरीजवळ जिरवता येते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, कारण छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात उतरते. हे पाणी धुण्याला, स्वच्छतेला, झाडांना वापरावे. पिण्यासाठी वापरायचे तर गाळून आणि निर्जंतुक करूनच.

पाऊस जूनमध्ये येणार असला तरी तयारी आताच होते. सरळ उभ्या कडांचा एक डबा उघड्यावर ठेवायचा आणि पाऊस पडला की आत पट्टी धरून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये वाचायची. हेच मुलांचे पर्जन्यमापक. पावसाळाभर ही नोंद विहाराच्या फळ्यावर लिहिता येते.

पाठ चौथा : वाटणी कशी करायची?

एका बादलीत बरोबर वीस वाट्या पाणी घ्या. वीस मुलांची पाच 'घरे' करा : दोन, तीन, चार, पाच आणि सहा जणांची. मुले कमी असतील तर चिंचोके ठेवा.

पहिला खेळ : जो आधी येईल त्याने हवे तेवढे घ्यावे. शेवटचे घर रिकामे राहते. दुसरा खेळ : प्रत्येक घराला सारखे, चार-चार वाट्या. दोघांच्या घरात माणशी दोन वाट्या येतात आणि सहा जणांच्या घरात एकही पूर्ण वाटी येत नाही. तिसरा खेळ : माणशी एक वाटी. सगळ्यांना मिळते. आता विचारा, कोणती वाटणी बरोबर आणि का? या प्रश्नावर मुले जी चर्चा करतात, ती आपल्या अनेक बैठकांपेक्षा चांगली असते.

नंतर रोहिणीच्या पाण्याची गोष्ट सांगा. मोठ्या मुलांना पुरंदर तालुक्यातील नायगावची गोष्टही सांगता येईल. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवायचा, भूमिहीनांनाही पाण्यात वाटा द्यायचा आणि या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, ही तिची तत्त्वे होती. वाट्यांच्या खेळातला तिसरा नियम खऱ्या शेतात लागू होऊ शकतो, हे मुलांना यातून पटते.

काही पथ्ये

पहिले पथ्य : 'तू शिवू नकोस' असा खेळ किंवा नाटुकले लहान मुलांकडून कधीही करवून घेऊ नका. महाड सांगताना अपमानावर रेंगाळू नका. माणसे एकत्र आली, तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली, या धैर्यावर भर द्या.

दुसरे : मुलांना विहीर, तळे, कालवा यांच्या काठावर नेऊ नका. मोजणी अंगणात आणि नळावर करा.

तिसरे : कोणत्या घरात किती पाणी आले हे नाव घेऊन वाचू नका. तक्त्यावर 'घर क्रमांक' लिहा. गरिबी जाहीर झाल्याची लाज मुलाला वाटता कामा नये.

चौथे : निवेदन देण्यासाठी मुलांना पुढे करू नका. मोजणे त्यांचे काम, मागणे मोठ्यांचे.

काही पालक विचारतात, एवढ्या लहान मुलांना जातीचे कशाला सांगायचे? बाबासाहेबांना शाळेत शिपायाने नळ उघडल्याशिवाय पाणी पिता येत नव्हते, तेव्हा त्यांचेही वय प्राथमिक शाळेचेच होते. 2022 मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. पाण्याच्या माठाला हात लावल्यावरून शिक्षकाने मारहाण केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला. भेदभाव मुलाचे वय पाहून थांबत नाही. तो ओळखता यावा आणि घरी येऊन सांगता यावा, इतके शब्द मुलाजवळ असले पाहिजेत. 'शाळेत पाणी कुठून पितोस? सगळे तिथूनच पितात का?' हे दोन साधे प्रश्न प्रत्येक वर्गात विचारावेत.

कार्यकर्त्यांचे काम इथून सुरू होते

चार पाठांनंतर आपल्या हातात तीन कागद असतात : घरोघरच्या पाण्याचा तक्ता, गळतीची यादी आणि छपराचा हिशेब. 14 एप्रिलच्या जयंतीला ते विहारात लावा. 2016 मध्ये केंद्र सरकारने हा दिवस जलदिन म्हणून पाळण्याचे जाहीर केले होते, याची आठवण गावालाही करून द्या. डीजेच्या खर्चातला थोडा भाग पन्हळ आणि पिंपाकडे वळवला, तर जयंतीची खूण पावसाळ्यातही दिसेल.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी 1 मेची ग्रामसभा येते. तिथे आपल्याकडे नुसती तक्रार नसेल, आकडे असतील. वस्तीला माणशी किती लिटर मिळते, 55 ला किती कमी पडते, कोणती तोटी किती दिवसांपासून गळते, शाळेच्या छपरावरचे पाणी अडवायला काय लागेल, हे लेखी द्या आणि ठरावात नोंद मागा. गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर वस्तीतले कोण आहे, महिला किती आहेत, हेही विचारा. शहरात असाल तर हेच कागद प्रभाग कार्यालयात न्या.

पाणवठ्यावर जातीवरून अडवले जात असेल तर तो केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. संविधानाचे कलम 15 सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात भेदभाव करायला मनाई करते आणि कलम 17 अस्पृश्यता नष्ट करते. अॅट्रॉसिटी कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीनुसार सार्वजनिक पाणवठ्याचा वापर करण्यास अडथळा आणणे हा स्पष्टपणे गुन्हा आहे. अशा वेळी नोंदी, तारखा आणि साक्षीदार जपून ठेवा.

शाळेच्या परिसर अभ्यासात पाण्याचे धडे आहेतच. शिक्षक तयार असतील तर हे चार पाठ शाळेतही होऊ शकतात, आणि सगळ्या समाजांतली मुले एकत्र मोजायला बसली तर ते अधिकच चांगले. पण शाळेची वाट पाहत थांबायचे कारण नाही. विहार आपला आहे, रविवार आपला आहे आणि बाटली प्रत्येक घरात आहे.

येत्या 20 मार्चला वंदना आणि अभिवादन झाले की मुलांना लगेच घरी पाठवू नका. अंगणात एक हंडा ठेवा आणि त्यांना विचारा, यात किती लिटर पाणी मावत असेल?

जय भीम!